पेनकिलरला दुखणं कुठे आहे ते कळत नाही

(एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नसेल तर हे लेखी रूप वाचा. बोलण्यातली पुनरुक्ती काढलीय, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा विषय बहुतेक तुमच्या बॅगेतच आहे. पेनकिलर. डोकं दुखलं, घ्या गोळी. पाळीत पोट दुखलं, घ्या गोळी. जिममध्ये पाठ धरली, घ्या गोळी. आणि पावसाळ्यात ताप भरला की मेडिकलवाल्याला सांगायचं, "ताप आणि अंगदुखीचं काहीतरी द्या." आज आपल्याला या शेवटच्या वाक्यापर्यंत यायचंय, कारण खरा धोका तिथे आहे.

पण आधी एक साधा प्रश्न. दाढ दुखते तोंडात, गोळी जाते पोटात. मग गोळीला दाढेचा पत्ता कोण देतं?

कुणीच नाही. गोळी विरघळते, रक्तात मिसळते आणि रक्तासोबत सगळ्या शरीरात फिरते. आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

मग दुखणं कमी कसं होतं?

पाय मुरगळला की तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनवतात. ही रसायनं नसांची टोकं हळवी करतात. म्हणून मुरगळलेल्या घोट्याला चादर लागली तरी कळ येते. सूजही तीच वाढवतात, आणि मेंदूत पोचली की ताप चढवतात.

ही रसायनं बनवायला सायक्लोऑक्सिजनेज नावाचं एक एन्झाइम लागतं. थोडक्यात त्याला कॉक्स म्हणतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, ॲस्पिरिन या सगळ्या गोळ्या या कॉक्सलाच अडवतात. कारखाना बंद, माल बंद. गंमत म्हणजे ॲस्पिरिन 1899 पासून बाजारात होती, पण ती नेमकं काय करते हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं. 1982 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे सत्तर वर्षं जग गोळी खात होतं, कारण माहीत नसताना!

पाळीच्या दुखण्यात या गोळ्या चांगल्या लागू पडतात, त्याचंही कारण हेच. गर्भाशय आवळलं जातं ते प्रोस्टाग्लँडिनमुळेच.

अडचण कुठे आहे?

प्रोस्टाग्लँडिन आणि त्याची भावंडं फक्त दुखवायला बनलेली नाहीत. शरीरात त्यांची रोजची ड्यूटी असते. तीन ठिकाणं सांगतो.

पहिलं, जठर. तिथे ॲसिडपासून वाचवणारा चिकट थर टिकवायला प्रोस्टाग्लँडिन लागतं. ते कमी झालं की आतून जखम होऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो. "जेवून घेतली ना, मग काही होत नाही," असं आपण म्हणतो. पण औषध रक्तातूनही जठरापर्यंत पोचतंच. त्यामुळे इंजेक्शन घेतलं म्हणून जठर सुटलं, असंही नाही.

दुसरं, किडनी. उलट्या-जुलाबांनी किंवा उन्हात धावून अंगातलं पाणी कमी झालं, की किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन करतं. नेमकं तेव्हाच पेनकिलर घेतली तर किडनीचं रक्त कमी पडतं. घरात आजी-आजोबा ब्लडप्रेशरच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर त्यांना आपली पेनकिलर परस्पर देऊ नका.

तिसरं, प्लेटलेट्स. रक्त थांबवायला प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात, आणि त्यासाठीही कॉक्स लागतं. आयबुप्रोफेनचा परिणाम औषध उतरलं की उतरतो. ॲस्पिरिन मात्र प्लेटलेटमधलं कॉक्स कायमचं बंद करते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, नवीन एन्झाइम ती बनवू शकत नाही. म्हणून तो परिणाम प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस राहतो. हार्टच्या पेशंटना डॉक्टर कमी डोसची ॲस्पिरिन देतात ती याचसाठी. ती आपल्या मनाने बंद करायची नाही.

आता तुम्ही म्हणाल, फक्त सुजेचं कॉक्स अडवणारी गोळी का नाही काढत? काढली की! कॉक्सचे दोन मुख्य प्रकार आहेत, त्यातला दुसरा सुजेत जास्त बनतो. फक्त त्यालाच धरणारी रोफेकॉक्सिब 1999 मध्ये आली, व्हायॉक्स या नावाने गाजली. पण हार्ट ॲटॅक आणि स्ट्रोकचा धोका वाढतोय हे दिसलं आणि 2004 मध्ये ती जगभरातून मागे घेतली गेली. चांगलं कॉक्स, वाईट कॉक्स अशी सरळ वाटणी शरीरात नसतेच.

आता पावसाळ्याकडे या

डेंग्यूत काय होतं? प्लेटलेट्स कमी होतात, रक्तवाहिन्यांमधून पाणी झिरपतं, रक्तस्रावाची भीती असते. आता वरची तीन ठिकाणं आठवा. उरलेल्या प्लेटलेट्स चिकटू द्यायच्या नाहीत, जठराचा थर पातळ करायचा आणि पाणी कमी असताना किडनीवर ताण द्यायचा, असं तिन्ही काम एकच गोळी करते. मुंबई-कोकणात साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोत तर किडनीवर आजाराचाच घाला असतो.

म्हणून डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळायचं. ताप उतरवायला पॅरासिटामॉल. ते ताप आणि दुखणं कमी करतं, पण जठरावर आणि प्लेटलेट्सवर त्याचा परिणाम फारच कमी असतो.

इथेच एक फसगत होते. दुकानात "पॅरासिटामॉलचीच आहे" म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्या जोडगोळ्या असतात. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन आहे. काहींमध्ये डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक असतं. तेव्हा नाव वाचू नका, स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरांतलं घटकद्रव्य वाचा. फोनचा कॅमेरा झूम करा, दहा सेकंदांचं काम आहे.

पॅरासिटामॉललाही मर्यादा आहे. निरोगी प्रौढासाठी दिवसाला जास्तीत जास्त 4 ग्रॅम. 650 मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांत 3900 मिलिग्रॅम होतात. वर सर्दीची गोळी घेतली आणि तिच्यातही पॅरासिटामॉल असलं, की मर्यादा ओलांडली. त्याचा फटका लिव्हरला बसतो. दारू नियमित घेणाऱ्यांसाठी, वजन फार कमी असलेल्यांसाठी आणि लिव्हरचा त्रास असलेल्यांसाठी ही मर्यादा आणखी खाली येते, ती डॉक्टरांनाच विचारा.

डॉक्टरकडे कधी जायचं?

शौचाला डांबरासारखं काळं झालं, उलटीतून रक्त आलं, लघवी कमी झाली, तर लगेच. डेंग्यूत ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. धोक्याची लक्षणं बऱ्याचदा ताप उतरतानाच दिसतात: पोटात सतत दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं. आणि महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस डोकेदुखीसाठी गोळी लागत असेल, तर गोळीमुळेच डोकं दुखत असण्याची शक्यता असते. तेही दाखवून घ्या.

पेनकिलर वाईट नाही. फक्त ती दुखऱ्या जागेपुरती थांबत नाही, तेवढं लक्षात असू द्या. हा भाग घरच्या ग्रुपवर टाका, विशेषतः घरात गोळ्यांचा डबा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्यासाठी. भेटू पुढच्या भागात!