दिवाणखान्याच्या मापाचा टीव्ही

३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि मोठ्या पडद्याचा मोह अनेक घरांत बळावला. परंतु कर घटला म्हणून खोली वाढत नाही.

पडद्याचे माप कर्णाचे असते. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद भरतो. तो भिंतीवर मावला, एवढ्याने भागत नाही. बैठकीपासून पडद्यापर्यंतचे अंतर इंचांत मोजून त्यास १.६ ने भागावे. सहा फुटांचे, म्हणजे ७२ इंचांचे अंतर असेल, तर उत्तर ४५ येते. तेथे ४३ इंची टीव्ही शोभतो.

पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला असावा. तो उंच टांगल्यास सर्वांत आधी मान अवघडते ती घरातील वडीलधाऱ्यांची. समोर खिडकी असल्यास तिचे प्रतिबिंब पडद्यावर उमटते. अशा वेळी बाजूची भिंत निवडावी.

दुकानातील लखलखाटात प्रत्येक पडदा उजळ भासतो. म्हणून पेढीवर माल पारखणाऱ्याने येथेही मोजपट्टी आधी काढावी, पाकीट नंतर.