कापणीआधी अख्ख्या शेतावर तणनाशक कशाला?

कॅनडा, ब्रिटनसारख्या थंड देशांत गहू किंवा मसुराचं पीक शेतात सगळीकडे एकाच वेळी पिकत नाही. काही पट्टे हिरवेच राहतात. त्यामुळे कापणी अडू नये म्हणून बरेच शेतकरी कापणीच्या थोडं आधी अख्ख्या शेतावर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारतात.

यात धोका काय?

दाण्यात ३० टक्क्यांहून जास्त ओलावा असताना फवारणी केली, तर तणनाशकाचा अंश दाण्यात उतरू शकतो. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये ग्लायफोसेटला १० वर्षांची मुदतवाढ दिली; पण कापणीची वेळ साधण्यासाठी पीक वाळवायला ते वापरण्यावर बंदी घातली.

अचूक शेती इथे काय करते?

ड्रोन किंवा उपग्रहाच्या छायाचित्रांत हिरवे पट्टे वेगळे ओळखू येतात. त्यांचा नकाशा फवारणी यंत्रात भरला, की जीपीएसच्या मदतीने ठरलेल्या जागीच नोझल उघडतात.

मात्र हिरवं दिसतंय ते तण आहे की कच्चं पीक, हे शेतात जाऊनच पाहावं लागतं. तण असेल तर तेवढ्याच जागी फवारणी पुरते. पीक कच्चं असेल तर फवारणी नकोच. तो पट्टा मागे ठेवून नंतर कापायचा.