रक्ताची साक्ष आणि मानेवरचा प्रश्न

तोंडाच्या कर्करोगाची गाठ लहान असते आणि मानेत हाताला काही लागत नाही, तेव्हा शल्यवैद्यापुढे एक जुना प्रश्न उभा राहतो. तोंडातली गाठ काढताना मानेतल्या लसीकाग्रंथीही काढायच्या, की वाट पाहायची? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी केलेल्या चाचणीचे उत्तर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. प्रश्न सुटला, पण पूर्ण नाही. आधीच काढलेल्या ग्रंथींत कर्करोग सापडला तो सुमारे ३० टक्के रुग्णांत. उरलेल्यांच्या ग्रंथी निरोगी होत्या, आणि या शस्त्रक्रियेनंतर काहींचा खांदा आखडतो, हात वर नेणे जड जाते. कोणाच्या मानेत रोग लपला आहे हे रक्ताने आधी सांगितले तर?

रक्त काहीतरी सांगते, यात शंका नाही. साध्या सीबीसीच्या कागदावर न्यूट्रोफिल ६० टक्के आणि लिम्फोसाइट ३० टक्के असतील, तर त्यांचे गुणोत्तर २. गाठ शरीरात दाह पेटता ठेवते, त्यामुळे न्यूट्रोफिल वाढतात. कर्करोगाच्या पेशी ओळखून मारणाऱ्या लिम्फोसाइट मात्र घटतात. डोके-मानेच्या कर्करोगात हे गुणोत्तर जास्त असलेल्या रुग्णांचे आयुष्य सरासरीने कमी भरते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. सीआरपी वाढणे आणि अल्ब्युमिन उतरणे हीदेखील त्याच दाहाची आणि खंगण्याची खूण.

अडचण अशी की ही साक्ष गाठीची नाही, शरीराच्या प्रतिक्रियेची आहे. किडलेली दाढ, छातीतला संसर्ग, स्टेरॉइडची गोळी यांनीही तोच आकडा वर जातो. शिवाय ‘जास्त’ म्हणजे किती? कुठल्या अभ्यासात सीमारेषा २ च्या आसपास, कुठे ५ च्या. शंभर रुग्णांच्या गटाविषयी खरे असलेले विधान एका माणसाला लावता येत नाही, ते यामुळे.

खुद्द गाठीची साक्ष कशी असते, ते हाँगकाँगने दाखवले. दक्षिण चीनमध्ये नाकामागच्या घशाचा कर्करोग बराच आढळतो आणि त्याच्या पेशींत एपस्टाइन-बार विषाणूचा डीएनए असतो. पेशी मरताना तो रक्तात उतरतो. २०१७ मध्ये डेनिस लो यांच्या गटाने २०,१७४ निरोगी दिसणाऱ्या पुरुषांचे रक्त तपासून ३४ जणांत हा कर्करोग शोधला. त्यातले बहुतेक पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातले होते.

पण भाकीत म्हणजे उपाय नव्हे. रेडिएशननंतरही रक्तात हा डीएनए उरला, तर रोग उलटण्याचा धोका मोठा असतो. हाँगकाँगमध्येच अशा १०४ रुग्णांची दोन गटांत विभागणी करून एका गटाला जादा केमो दिली गेली. २०१८ मध्ये निष्कर्ष आला: रोग उलटणे त्याने कमी झाले नाही. धोका ओळखता आला, टाळता आला नाही.

आपल्याकडचा तोंडाचा कर्करोग मुख्यतः तंबाखू-सुपारीचा. तंबाखू पेशीचाच डीएनए बिघडवते. रक्तात शोधावा असा परका डीएनए मागे ठेवत नाही. बिघाड प्रत्येक रुग्णात वेगळा, त्यामुळे आधी गाठीतला बिघाड वाचावा लागतो आणि मग तोच रक्तात हुडकावा लागतो. गाठ लहान असताना तर त्याचा अंश फारच थोडा. म्हणजे मानेचा प्रश्न जिथे सर्वांत टोचतो, तिथेच रक्त सर्वांत अबोल असते.

म्हणून अहवालातल्या एखाद्या गुणोत्तराखाली लाल रेघ दिसली, तर डॉक्टरांना विचारायचा प्रश्न ‘मी किती जगेन’ हा नाही. ‘या आकड्यामुळे माझ्या उपचारात काय बदलणार आहे?’ हा आहे. आज बहुतेक वेळा उत्तर ‘काही नाही’ असेच येईल. तसे असेल, तर त्या आकड्यापायी रात्रीची झोप घालवण्याचे कारण नाही.