सीबी रेडिओसाठी अँटेना निवडताना
नॉटिंगहॅमहून पीक डिस्ट्रिक्टच्या कच्च्या वाटांवर जाणाऱ्या वाहनांच्या ताफ्याला, मोबाईलचा संपर्क तुटणाऱ्या दऱ्यांमध्ये सीबी रेडिओचा आधार असतो. एफएमवर त्याची शक्ती ४ वॅटपुरतीच मर्यादित असल्याने पल्ला मुख्यतः अँटेनावर ठरतो. २७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ११ मीटर असते. तिच्या चतुर्थांशाएवढा, पावणेतीन मीटरचा अँटेना उत्तम. परंतु तो फांद्यांत अडकतो. म्हणून स्प्रिंगवर बसवलेला, सुमारे सव्वा मीटरचा लवचीक अँटेना व्यवहार्य ठरतो. तो धातूच्या छताच्या मध्यभागी असावा. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरच्या अॅल्युमिनियमच्या छताला मात्र चुंबकी बैठक चिकटत नाही. तेथे पक्की बैठकच हवी. निघण्यापूर्वी एसडब्ल्यूआर मोजावा. तो २ च्या वर असल्यास परत येणाऱ्या शक्तीने संचच निकामी होण्याचा धोका असतो.