नटास नमस्कार

गेल्या मार्गशीर्षांत कौंडण्यपुरास जाण्याचा योग आला. तिवसें तालुक्यांतील वर्धातीरींचें हें गांव रुक्मिणीचें माहेर म्हणून अवघ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. १९६२ ते १९६४ या काळांत डॉ. मोरेश्वर दीक्षितांनीं येथें उत्खनन केलें, त्यावरून येथील वस्तीचें प्राचीनत्व निःसंशय ठरलें. परंतु गांवकऱ्यांस पुराव्याची गरज कधींच भासली नव्हती. तीर्थदर्शन हा आमच्या जाण्याचा हेतु नव्हता, हें प्रथमच कबूल करतों. दूरदर्शनवरील एका जुन्या पौराणिक मालिकेंत यादवकुलांतील एका वृद्धाची लहानशी भूमिका केलेले एक नट अंबामातेच्या दर्शनास येणार होते, आणि आमच्या एका विद्यार्थ्यानें आपल्या ओसरीवर पंधरावीस चाहत्यांची बैठक योजिली होती. नटमहाशयांच्या इच्छेवरून त्यांचें नांव येथें देत नाहीं.

आतां आमच्यासारख्या म्हाताऱ्या मास्तरास ही हौस कां सुटली, असें वाचक विचारतील. त्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

'रामायण' मालिका १९८७ च्या जानेवारींत सुरू झाली व १९८८ च्या ऑक्टोबरांत 'महाभारत' आलें. रविवारीं सकाळीं रस्ते ओस पडत. कित्येक घरीं संचास हार घालून उदबत्ती लावीत. आम्ही तेव्हां नुकतेच नोकरीस लागलेलों, संस्कृताचा अभिमान मोठा. हा प्रकार आम्हांस मूर्खपणाचा वाटे. आमच्या घरीं संच नव्हता. आई शेजारीं पाहावयास जाई व चपला बाहेर काढून, हात जोडून बसे. एके रविवारीं चारचौघांत आम्ही तिला म्हणालों, "पायां पडावयाचें तर घरांत देव्हारा आहे. पगारी नटांस हात जोडणें शोभत नाहीं." वर शंकुकाचा चित्रतुरगन्यायहि समजावून दिला! चित्रांतील घोडा पाहून आपण 'हा घोडा' म्हणतों. तें ज्ञान खरें नसतें, खोटेंहि नसतें, संशय नसतो आणि नुसतें सादृश्यहि नसतें. नटाच्या ठायीं रामाची प्रतीति होते ती अशीच, असें त्या जुन्या काश्मिरी पंडिताचें मत अभिनवगुप्तानें नोंदविलें आहे. आईनें सारें ऐकून घेतलें. "मग देव्हाऱ्यांतली मूर्ति तरी दुसरें काय रे?" एवढेंच ती म्हणाली. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, म्हणून आम्ही रागावलों.

असो. बैठकीस गांवांतील पांच-सहा बायका, दोन शिक्षक, कांहीं तरुण आणि आम्ही. नटमहाशय सत्तरी ओलांडलेले, गुडघ्यांनीं अधू, अंगांत साधा सदरा. चहा झाल्यावर त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें कीं, त्या एका लहान भूमिकेनंतर वर्षानुवर्षें लोक त्यांच्या पायां पडत, आणि त्या लोकांच्या लाजेनें त्यांना चारचौघांत विडी ओढणें सोडावें लागलें. "काम मिळेना, तरी नमस्कार मिळत," असें म्हणून ते हंसले. त्या हंसण्यांत कडवटपणा नव्हता, असें आम्ही म्हणणार नाहीं.

अरुण गोविल यांना लोक रामच समजत, हें सर्वांस ठाऊक आहे. नितीश भारद्वाज, जे मूळचे पशुवैद्य, श्रीकृष्णाच्या भूमिकेनंतर १९९६ सालीं जमशेदपुरांतून लोकसभेवर निवडून आले. पण आपल्याकडे हें नवें थोडेंच आहे? काशीजवळ रामनगरच्या रामलीलेंत रामाचें काम करणाऱ्या बालकाची आरती होते. आणि रुक्मिणीचेंच म्हणाल तर १९१६ सालीं खाडिलकरांच्या 'स्वयंवर' नाटकांत बालगंधर्व रुक्मिणी झाले, तेव्हां पुरुषानें वठविलेल्या त्या रुक्मिणीची लुगडीं व दागिने पाहून कुलीन घरांतल्या बायका तशीं घेऊं लागल्या.

मग एक वृद्ध बाई काठी टेकीत पुढें आल्या. त्यांनीं नमस्कार केला नाहीं. "इवाई, तुमी यादवाकडले," त्या म्हणाल्या, "आमची पोर पयवून नेली, थे माहेराले कवा धाडान?"

सारे हंसले, बाई हंसल्या नाहींत. आषाढीस येथून रुक्मिणीची पालखी पंढरपुरास जाते, तिची परंपरा चारशें वर्षांहून अधिक मानतात. लेक येत नाहीं, म्हणून माहेरच तिच्याकडे जातें. त्या बाई कित्येक वर्षें त्या पालखीबरोबर पायीं जात होत्या, आतां पाय चालत नाहींत, असें मागाहून कळलें. नटमहाशय क्षणभर गोंधळले. मग भिंतीचा आधार घेऊन उठले, वांकून त्यांनीं बाईंच्या पायांस हात लावला आणि म्हणाले, "चूक आमच्याकडची आहे, विहीणबाई."

आम्हीं सदऱ्याच्या खिशांत एक प्रश्न लिहून नेला होता, तोच शंकुकाचा. तो खिशांतच राहिला.

सायंकाळीं त्यांना मोटारीपर्यंत पोंचविण्यास आम्ही गेलों. त्यांची पिशवी आमच्या हातीं होती. नदीवरून गार वारा सुटला होता. चालतां चालतां त्यांनीं विचारलें, "मास्तर, आपल्या घरीं मालिका पाहत होते कीं नाहीं?"

"आई पाहत असे," आम्ही म्हणालों. "आम्ही बोललों त्या दिवसापासून ती शेजाऱ्यांच्या घरांत बसली नाहीं. शेवटच्या भागापर्यंत उंबऱ्याबाहेर उभ्यानें पाहिलें तिनें. हात मात्र पदराखालीं ठेवी."

२०२० सालीं टाळेबंदींत त्या मालिका पुन्हां दाखविल्या, तेव्हां आमच्या घरीं मोठा संच होता. आई नव्हती. हें त्यांना सांगावयाचें होतें, पण तेवढ्यांत मोटार आली.