बांध राखणारी माणसे

१९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिम्पिकमध्ये भारताने हॉकीचे पहिले सुवर्णपदक मिळवले. पाच सामन्यांत २९ गोल केले. त्यांपैकी १४ एकट्या ध्यानचंदांचे. ही गोष्ट आपण शाळेत शिकलो, मुलांना सांगितली, आता नातवंडांनाही सांगतो. पण त्याच स्पर्धेतला दुसरा आकडा आपण सहसा सांगत नाही. त्या पाच सामन्यांत भारतावर एकही गोल झाला नाही. गोलात उभे होते रिचर्ड ॲलन, आणि संघाचे कर्णधार जयपालसिंग हे स्वतः फुलबॅक होते. झारखंडातल्या मुंडा आदिवासी घरातला हा माणूस पुढे घटना समितीत आदिवासींचा आवाज झाला. पण त्याने बचाव कसा केला, याची आठवण फारशी कोणाला नाही. लोकांच्या ध्यानात राहतात ते २९ गोल. अडवलेले किती, हे कोण मोजतो?

अंथुर्णे हे काही हॉकीचे गाव नव्हे. इथली ओळख ऊस, नीरेचा डावा कालवा आणि आषाढीच्या वाटेवर येणारा तुकोबांच्या पालखीचा मुक्काम. पोरे कबड्डी खेळतात, क्रिकेट खेळतात. हॉकीचा नाद आमच्या पिढीला लागला तो रेडिओमुळे. १९७५ साली क्वालालंपूरला भारताने पाकिस्तानला २-१ असे हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा जसदेवसिंगांचे धावते समालोचन ऐकताना ज्यांच्या अंगावर काटा आला, त्यांच्यापैकी मी एक. अशोककुमारांचा विजयी गोल सर्वांना आठवतो. पण त्याआधी मलेशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात बदली म्हणून येऊन बरोबरीचा गोल करणारे अस्लम शेरखान हे फुलबॅक होते, आणि अंतिम सामन्यात भारताचा पहिला गोल करणारे सुरजितसिंग हेही फुलबॅकच! म्हणजे आपल्या एकुलत्या एक विश्वचषकावर बचावफळीच्या हाताचे ठसे आहेत.

मग दुखणे कुठे सुरू झाले? जाणकार सांगतात, १९७६ साली माँट्रिअलच्या ऑलिम्पिकमध्ये गवत गेले आणि कृत्रिम हिरवळ आली. त्या वर्षी भारत सातवा आला. गवतावर चेंडू अडखळतो, उसळतो, बचाव करणाऱ्याला दोन श्वास जास्त मिळतात. कृत्रिम मैदानावर चेंडू सरळ आणि वेगाने येतो. एक पाऊल चुकले की ते भरून काढायला वेळच नसतो. आपल्या कलाकुसरीच्या आघाडीचे त्याने नुकसान झाले, हे खरेच. पण बचाव करणाऱ्यांचे जास्त झाले, असे मला वाटते.

१९८२ च्या दिल्ली एशियाडचा अंतिम सामना आमच्या पिढीच्या काळजात अजून रुतून आहे. पाकिस्तान ७, भारत १. त्या पराभवाचे सारे खापर गोलरक्षक मीररंजन नेगी यांच्या डोक्यावर फुटले. लोक नाही नाही ते बोलले. मला त्या दिवसापासून एक प्रश्न छळतो : चेंडू गोलरक्षकापर्यंत पोचण्याआधी दहा माणसांना ओलांडून येतो. सात वेळा तो दहांना ओलांडून आला. मग दोषी अकरावाच कसा? नेगींनी पुढे बरीच वर्षे तो डाग सोसला आणि प्रशिक्षक होऊन धुऊन काढला. १९९८ च्या एशियाडचे सुवर्ण जिंकणाऱ्या पुरुष संघाच्या आणि २००२ साली मँचेस्टरला राष्ट्रकुल सुवर्ण जिंकणाऱ्या महिला संघाच्या गोलरक्षकांना घडवण्यात त्यांचा हात होता. ‘चक दे इंडिया’ या चित्रपटाला त्यांच्या आयुष्याचा धागा आहे, हे आता सर्वांना ठाऊक आहे. पण आपण त्यातून शिकलो काय?

माझ्या मते शिकण्यासारखी पहिली गोष्ट ही, की बचाव हे चौघांचे खाते नव्हे. आमच्याकडे रात्री-अपरात्री उसाला दारे धरणारा माणूस हे चांगले जाणतो. पाणी फुटते ते बांधाच्या सर्वांत कच्च्या जागी, आणि तिथे ते फुटेपर्यंत वाट पाहत बसला तर फावडे घेऊन धावण्यात काही अर्थ नसतो. त्याला वरच्या अंगालाच लक्ष ठेवावे लागते. हॉकीतही तेच. चेंडू हरवला की पहिला बचाव आघाडीच्या खेळाडूने करायचा. त्याने प्रतिस्पर्ध्याला कोंडले, बाजूच्या रेषेकडे ढकलले, तर मागच्या माणसाचे निम्मे काम झाले. चेंडू गेल्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहणारा फॉरवर्ड हा संघातला सर्वांत मोठा कच्चा बांध.

दुसरी गोष्ट कबड्डीकडून घ्यावी. चढाईवाला आत आला की एकट्याने झेप घेऊन पकड करू पाहणारा पोरगा बहुधा स्वतःच बाद होतो. शहाणी साखळी थांबते, त्याला कोपऱ्यात येऊ देते, आणि एकाने हात घातला की दुसरा त्याच क्षणी आधाराला असतो. हॉकीत घाईने स्टिक घालणारा बचावपटू चकवला जातो. मागे सरकत, वेळ काढत, समोरच्याला वाईट कोनात नेणारा जिंकतो. त्याच्या मागे दुसरा उभा हवाच. बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. यात कोणावर अविश्वास नसतो. माणूस केव्हातरी चुकणार, हे धरूनच ती व्यवस्था केलेली असते. चांगली बचावफळीही तशीच आखावी लागते.

तिसरी गोष्ट शेवटच्या मिनिटांची. २००० साली सिडनीत पोलंडने अखेरच्या दोन मिनिटांत बरोबरी साधली आणि आपली उपांत्य फेरी हुकली. २०१६ साली रिओत जर्मनीने अवघे तीन सेकंद उरले असताना गोल करून आपल्याला हरवले. २०१८ च्या एशियाडच्या उपांत्य सामन्यात मलेशियाने शेवटी बरोबरी केली आणि शूटआउटमध्ये आपण हरलो. हे नशीब म्हणायचे का? एकदा झाले तर नशीब, वारंवार झाले तर सवय. दमलेल्या पायांनी, आघाडी हातात असताना चेंडू कुठे ठेवायचा, कोणाशी बोलायचे, याचा सराव वेगळा करावा लागतो.

तो सराव झाला की काय होते, हे आपण अलीकडे पाहिले. टोकियोत २०२१ साली याच भारतीय संघाने ऑस्ट्रेलियाकडून सात गोल खाल्ले होते. पण ५ ऑगस्टला जर्मनीविरुद्ध ५-४ अशी आघाडी असताना, अगदी शेवटच्या सेकंदांत मिळालेला पेनल्टी कॉर्नर संघाने परतवला. ४१ वर्षांनी ऑलिम्पिक पदक आले. श्रीजेश गोलाच्या चौकटीवर चढून बसलेला फोटो घरोघरी पोचला. तो हक्काचाच होता. पण पेनल्टी कॉर्नरला गोलरक्षक धरून पाचच जण बचावाला असतात, आणि त्यातला एक जण ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास सुटणाऱ्या चेंडूच्या थेट समोर धावत जातो. हे काम अनेक वर्षे अमित रोहिदास करत आला. कोणी शहाणा माणूस जिथून पळ काढील, तिकडे तो धावतो!

त्याच ऑलिम्पिकमध्ये सविता पुनिया आणि तिच्या पुढच्या मुलींनी ऑस्ट्रेलियाचे एकामागून एक पेनल्टी कॉर्नर थोपवले, गुरजितकौरचा एकच गोल जपला आणि महिला संघ प्रथमच ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत गेला. गुरजित बचावपटूच. पुढे २०२४ साली पॅरिसला ब्रिटनविरुद्ध रोहिदासला लाल कार्ड मिळाले. आपण ४० मिनिटांहून अधिक काळ दहाजणांनिशी खेळलो, १-१ अशी बरोबरी राखली आणि शूटआउटमध्ये जिंकलो. त्या दिवशी आघाडीचे खेळाडू स्वतःच्या गोलापाशी येऊन चेंडू काढत होते. दहाजणांनी बांध धरला म्हणून अकराव्याची उणीव भासली नाही. पण निलंबनामुळे रोहिदास जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्याला नव्हता आणि तो सामना २-३ असा गेला. स्वतःवर ताबा ठेवणे हाही बचावाचाच भाग आहे.

काही मित्र म्हणतात, भारतीय हॉकीचा आत्मा आक्रमणात आहे, बचावाचे कौतुक म्हणजे रटाळ खेळाचे कौतुक. मला हे पटत नाही. आक्रमणाचा पहिला पास मागूनच निघतो. चेंडू नुसता उडवून देणारा बचावपटू संकट पुढे ढकलतो. तो शांतपणे मधल्या फळीला देणारा बचावपटू चढाई सुरू करतो.

खडकीच्या वसाहतीत वाढलेला, चार ऑलिम्पिक खेळलेला धनराज पिल्ले आम्हा पुणे जिल्ह्यातल्या लोकांचा लाडका. त्याचे उडणारे केस कोणीही ओळखेल. पण त्याच काळात मागे उभा राहून ४०० हून अधिक सामने खेळलेला दिलीप तिर्की रस्त्यात भेटला असता तर आपल्यापैकी किती जणांनी ओळखला असता? जयपालसिंग, मायकेल किंडो, तिर्की, रोहिदास, दीपग्रेस एक्का, निक्की प्रधान ही सारी झारखंड-ओडिशाच्या आदिवासी पट्ट्यातली माणसे. देशाच्या हॉकीचा बांध त्यांनी शंभर वर्षे राखला, आणि आपण टाळ्या मात्र पुढच्या बाजूला वाजवल्या.

मजबूत बचाव हवा असेल, तर प्रशिक्षक आणि पैसा लागेल हे खरे. पण त्याआधी एक फुकटची गोष्ट करता येईल. घरातला मुलगा किंवा मुलगी सामना खेळून आली की आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘किती गोल केलेस?’ एखाद्या रविवारी त्याऐवजी विचारून पाहा, ‘किती अडवलेस?’ उत्तर द्यायला ते पोर क्षणभर गोंधळेल. पण पुढच्या सामन्यात ते मागे उभे राहायला लाजणार नाही.