अर्नाळा : भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर जगणारे बेट

विरार स्थानकापासून पश्चिमेस सुमारे १० किलोमीटरवर रस्ता समुद्रापाशी संपतो. समोर, वैतरणा नदीच्या मुखाच्या दक्षिणेस, नारळाची झाडे आणि त्यांच्या आडून काळी तटबंदी दिसते. पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील हे अर्नाळा बेट. मुख्य भूमीपासून ते नावेने जेमतेम काही मिनिटांवर आहे. मात्र ती काही मिनिटे केव्हा मिळतील, हे समुद्र ठरवतो.

येथे दिवसातून साधारणपणे दोन वेळा भरती येते आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकण किनाऱ्यावरील कोळी बांधव त्यासाठी एक सोपा हिशेब वापरत आले आहेत. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती. हिशेब स्थूल आहे, पण नाव लोटण्यास पुरेसा आहे.

बेटावरील कोळ्यांची मासेमारीही याच हिशेबावर चालते. या किनाऱ्याचे वैशिष्ट्य असलेले डोल हे जाळे माशांचा पाठलाग करीत नाही. शंकूच्या आकाराचे हे लांबलचक जाळे समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना बांधून त्याचे तोंड प्रवाहाकडे करतात. पाण्याबरोबर वाहत आलेले बोंबील, मांदेली, करंदी आणि जवळा त्यात अडकतात. प्रवाह उलटण्यापूर्वी जाळे ओढून घ्यावे लागते, अन्यथा हाती आलेले पुन्हा समुद्रात जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोरदार असतो, तेव्हा मासळी भरपूर. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, पाणी मंदावते आणि जाळी बव्हंशी रिकामी राहतात.

बोंबलाच्या शरीरात पाण्याचे प्रमाण फार असल्याने तो लवकर नासतो. म्हणून बांबूच्या मांडवांवर जोडी-जोडीने टांगून त्याला ऊन व वारा देतात. नॉर्वेच्या उत्तरेकडील रोस्ट या छोट्या बेटावरही कॉड मासा असाच लाकडी मांडवांवर टांगतात. तेथे थंड वाऱ्यात तो काही महिने सुकतो, येथे काही दिवस कडक ऊन पुरते. अवकाळी पावसाची एक सर मात्र अर्नाळ्याच्या बायकांची सारी मेहनत वाया घालवते. वाळवण आणि विक्री हा भार मुख्यतः त्यांच्याच शिरावर असतो.

चहूबाजूंनी खारे पाणी असूनही किल्ल्यातील विहिरी गोड्या आहेत. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि हलके असल्याने जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. उपसा वाढला किंवा किनारा खचला, तर हा पातळ थर खारा होण्यास वेळ लागत नाही. त्र्यंबकेश्वराच्या मंदिरासमोरील अष्टकोनी तळेही याच किल्ल्यात आहे. पोर्तुगीजांकडून १७३७ साली बेट घेतल्यावर मराठ्यांनी किल्ला नव्याने बांधला. थोरल्या बाजीरावांचा उल्लेख असलेला शिलालेख प्रवेशद्वारावर आजही दिसतो.

या किल्ल्याचे नाव भारतीय नौदलाने दोनदा युद्धनौकेस दिले. पहिली १९७२ साली दाखल झाली. दुसरी, उथळ पाण्यातील पाणबुडीविरोधी नौका, १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे सेवेत आली. ज्या बेटाचे नाव या नौका मिरवतात, तेथील रहिवाशांना धक्क्याअभावी वर्षानुवर्षे गुडघाभर पाण्यातून चालत नाव गाठावी लागली. दप्तर डोक्यावर घेतलेले विद्यार्थी, मासळीच्या पाट्या सांभाळणाऱ्या बायका आणि प्रसंगी उचलून नेलेले रुग्ण, सर्वांची वाट तीच. तिन्हीसांजेनंतर एखादी स्त्री अडली आणि समुद्र खवळलेला असला, तर ही काही मिनिटे ओलांडता येत नाहीत.

किनाऱ्याची धूप हे दुसरे संकट आहे. पावसाळ्यातील उधाणाच्या लाटा वस्तीच्या कडेची वाळू ओढून नेतात आणि घरे पाण्याजवळ येतात. मागे सरकण्यास बेटावर जागा थोडी आहे.

याच जिल्ह्यात उत्तरेस, डहाणू तालुक्यातील वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपयांचे बंदर उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली. त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव प्रस्तावित असून किनाऱ्यावरील मच्छीमारांनी प्रकल्पास विरोध केला आहे. डोलकराची चिंता समजण्याजोगी आहे. त्याचे जाळे एका जागी रोवलेले असते, आणि प्रवाहाने दिशा बदलली तर खुंट नव्याने कोठे रोवायचे, हे त्याला पंचांगातून कळणार नाही.